जुन्या भट्टीची मूठ

निघण्याच्या आदल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे यादी केली. उष्णतारोधक सिमेंटच्या पंचवीस किलोच्या पाच गोण्या, ट्रकने चार दिवस आधीच रवाना. बॅगेत तापमापक, त्याच्या दोन तारा, चाचणीचे ठोकळे पाडायचे सहा लोखंडी साचे, मोजपात्र, विजेरी. वहिनीसाठी जवसाची चटणी. त्याखाली सवयीने ‘दादासाठी’ असं लिहिलं, आणि पुढे काही सुचेना तेव्हा हात थांबला. दादाला जाऊन चौदा महिने झाले होते. ती ओळ खोडली नाही, रिकामी ठेवली.

मुंबईला लोक समुद्र बघायला जातात, नातलगांकडे जातात, नोकरी शोधायला जातात. मी भायखळ्याच्या एका बेकरीच्या भट्टीसाठी गेले. परत आल्यापासून इथे चंद्रपुरात जो तो विचारतो, मुंबईत काय बघितलंस, आणि मला ते एका वाक्यात सांगता येत नाही. म्हणून लिहून काढते आहे.

आधी थोडं कामाविषयी. घर बांधायचं साधं सिमेंट पाण्याने घट्ट होतं, पण आगीपुढे टिकत नाही. तापलं की त्यातलं पाणी निघून जातं, मागे चुना उरतो, तो हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि काम फुटतं. आम्ही आमच्या लहानशा कारखान्यात जे सिमेंट करतो तेही पाण्यानेच घट्ट होतं, पण ते बॉक्साइटपासून बनतं आणि लोखंड लाल होईल अशा आगीतही धरून राहतं. बावीस वर्षं मी त्याच्या चाचण्या घेते. ठोकळे पाडायचे, तापवायचे, दाबयंत्रात फोडायचे, आकडे वहीत मांडायचे.

माझा थोरला भाऊ लालबागचा भट्टीमिस्त्री होता. बेकऱ्यांच्या, खानावळींच्या, चणे भाजणाऱ्यांच्या भट्ट्या तो बांधायचा. दर रविवारी सकाळी नऊला आमचा फोन. मी त्याला त्या आठवड्याचे आकडे सांगायची. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, आकडे तुझ्या वहीला, मला सांग तुझं सिमेंट वाजतं कसं. थापीच्या लाकडी मुठीने लादीवर, म्हणजे भट्टीच्या तळाच्या फरशीवर, ठोकायचं आणि आवाजावरून सांगायचं, ही बोलते, ही बोलत नाही, अशी त्याची परीक्षा. एकदा मी फोन ठोकळ्याजवळ धरून पेनाने वाजवून दाखवलं. पलीकडून दादा म्हणाला, “टक एवढंच ऐकू आलं गो. ही काय बोलत नाही.”

शेवटची दोन वर्षं तो एकच गोष्ट मागत होता. भायखळ्याच्या बेकरीत लाकडाऐवजी गॅस येणार आहे, गॅसची ज्योत एकाच जागी मारा करते, चुन्याची लादी ते सोसणार नाही. तुझं सिमेंट पाठव, मी माझ्या हाताने घालतो. मी म्हणायची, अजून सहा ठोकळे फोडू दे. ‘दादाच्या भट्टीत चाचणी’ ही ओळ माझ्या यादीत या महिन्यातून पुढच्या महिन्यात सरकत राहिली. इतर सगळ्या ओळींवर वेळच्या वेळी खुणा झाल्या.

रविवार, लालबाग

दादाच्या चाळीच्या जागी आता इमारत उभी आहे आणि वहिनी सोळाव्या मजल्यावर राहते. ती मालवणकडची. दार उघडून म्हणाली, “इलंस? बारीक झालंस. तुमच्याकडे ऊनच जेवतात काय?”

फेब्रुवारीचा शेवट होता, चंद्रपुरात दुपारी रस्ते ओस पडायला सुरुवात झाली होती. इथे भर दुपारी खाली माणसं चालत होती, आणि सोळाव्या मजल्यापर्यंत मसाल्याच्या गल्लीतल्या मिरच्यांचा खाट येत होता. मी तीनदा शिंकले. वहिनीला काही जाणवत नव्हतं. जेवायला बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी. मी वाढले लालबागलाच, त्यामुळे चंद्रपुरातल्या पंचवीस वर्षांच्या जेवणानंतरही पहिल्या घासाला जिभेला सगळं आठवलं. वहिनीने जवसाची चटणी बोटाने चाखली आणि विचारलं, “ह्यात खोबरं खंय?” नाहीच म्हटल्यावर तिने बरणी आदराने मागच्या फळीवर ठेवली.

स्वयंपाकघराच्या दारामागे दादाची थापी टांगलेली होती. मूठ घासून घासून एका बाजूने चपटी झालेली. वहिनी म्हणाली की दादाच्या जोडीदाराने, भिकूने, दोनदा मागितली, पण तिने दिली नाही. आता मी नेणार असेन तर ने म्हणाली, पण काम झालं की परत आण. मी यादीत लिहिलं: थापी, परत करणे.

सोमवार, भायखळा

भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत बेकरी आहे. अठरा दिवस बंद होती. भट्टीच्या तोंडात एक मांजर अंग पसरून झोपलं होतं. मालक अन्वरभाई साठीचे, पांढरी दाढी, अंगावर अजूनही पिठाचा वास. त्यांनी मांजराकडे बोट दाखवून मला आधी तेच दाखवलं. म्हणाले, माझ्या बापाच्या टायमापासून या दगडावर मांजर कधी बसलं नव्हतं.

गॅस आल्यावर त्यांनी दुसऱ्या एका मिस्त्रीकडून साध्या सिमेंटची लादी घालून घेतली होती. ती पाचव्या दिवशी फुटली, म्हणून मग मला बोलावणं आलं. वडापाववाले आणि दोन हॉटेलं अजून थांबली होती, पण तेही किती थांबणार.

“शुक्रवारी पाव निघाला तर निघाला, ताई,” अन्वरभाई म्हणाले. “नाय निघाला तर शटर कायमचं पाडतो. जिमवाला रोज येऊन जागा मोजतोय. बोलतो, भट्टीच्या जागी आरसा लावू.”

भिकू दादाबरोबर तीस वर्षं काम केलेला. सडपातळ, कानात जुनी बाळी, बोलणं मोजकं. त्याने पहार घेतली आणि ती नवी लादी उकरायला सुरुवात केली. ती शिळ्या खारीसारखी निघत गेली. तळाशी, डाव्या कोपऱ्यात, दोन वीत जागेवर दुसरंच काहीतरी लागलं, विटेच्या रंगाचं, गुळगुळीत. चुना आणि विटांची सुर्की, म्हणजे भुगा, घालून दादाने वीस वर्षांपूर्वी घातलेली लादी. त्या दुसऱ्या मिस्त्रीला तेवढा कोपरा फुटला नसावा, म्हणून त्याने वरूनच काम केलं होतं. भिकूने पहार उलटी करून तिच्यावर ठोकलं. आवाज घुमला आणि बराच वेळ भट्टीत राहिला.

मी वहीत नोंद केली: जुनी लादी, डावा कोपरा, शाबूत. भिकूने मात्र पहार खाली ठेवली आणि त्या तुकड्यावर तळहात टेकवला. मग तो तुकडाही काढावा लागला, कारण नव्या लादीला एकसारखा तळ हवा होता.

मंगळवार, भायखळा

ठरलं असं होतं. साडेचार गोण्या लादीला, अर्धी गोणी माझ्या ठोकळ्यांना. कारखान्याने मला पाठवलं होतं ते खरं म्हणजे या ठोकळ्यांसाठी. मुंबईच्या दमट हवेत घट्ट झालेले ठोकळे परत नेऊन फोडायचे होते. ते सिमेंट बाजारात विकायचं तर ते आकडे हवेत.

पाणी मी मोजून दिलं. या सिमेंटला पाणी कमी लागतं आणि ते पिण्याइतकं स्वच्छ असावं लागतं. पत्र्याचा टब मी स्वतः धुऊन पुसला. भिकू पहिली गोणी फावड्याने कालवायला लागला आणि मी भट्टीच्या तोंडाशी तापमापकाची तार बसवायला वळले. पाच मिनिटंही झाली नसतील. परत येऊन मी टबातला गोळा हातात घेतला. तो हवेत उडवून झेलायचा, बोटांमधून गळला तर पाणी जास्त, भेगाळला तर कमी. पण गोळा हाताला कोमट लागला. अंगठा दाबला तर आत जाईना. टबात बघितलं तर भिकू फावडं ओढतो आहे आणि फावडं येत नाही. आम्ही बघत असताना ते उभंच्या उभं राहिलं.

अन्वरभाई म्हणाले, जबरदस्त आहे ताई तुमचा माल. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं.

हे सिमेंट घट्ट व्हायला काही तास लागतात. इतक्या लवकर ते एकाच गोष्टीने पकडतं, त्यात चुना गेला तर. मी टब तपासला, बादली तपासली, मग भिकूला विचारलं, आत काय घातलंस. त्याने लपवलं नाही. मूठ घातली, म्हणाला.

त्यांच्या कामातली ही रीत मला माहीत नव्हती, बावीस वर्षांत दादा कधी बोलला नव्हता. जुनी भट्टी उकरली की तिच्या लादीचा भुगा मूठभर बाजूला ठेवायचा आणि नव्या कालवणात घालायचा. आगीला घर ओळखीचं वाटतं, म्हणे. चुन्याच्या कामात त्याने काही बिघडत नसे. भिकूने काल दादाच्या तुकड्यातून एक मूठ फोडून रुमालात बांधून ठेवली होती, आणि त्यातली निम्मी टबात गेली होती.

मला राग आला, आणि रागात मी जे बोलले ते खरंही नव्हतं. मी म्हणाले, असल्या मुठी घातल्या म्हणूनच दादाच्या भट्ट्या दर चार वर्षांनी उकराव्या लागायच्या. वीस वर्षांची लादी आम्ही तिघांनी आदल्याच दिवशी बघितली होती.

भिकूने हात पुसले. आवाज न चढवता म्हणाला, “मिस्त्री दोन वर्षं तुमची वाट बघत होते, ताई. मी बोलायचो, बाजारातला माल आणू. ते बोलायचे, नंदू पाठवील. त्यांच्या हाताने तर नाय झालं. मूठ तरी त्यांची जाऊ दे म्हटलं आत.”

अन्वरभाईंनी चहा सांगितला. आम्ही तिघं पोत्यांवर बसून तो प्यायलो. समोर टबात फावडं उभं. मी वही उघडली, कारण मला दुसरं काही करता येईना. चार गोण्या उरल्या होत्या. लादीची जाडी तीन इंचांऐवजी पावणेतीनहून जरा कमी धरली तर चार गोण्यांत बसत होती, अगदी काठोकाठ. ठोकळ्यांना काही उरत नव्हतं. आजच आणखी माल मागवला तरी यायला चार दिवस, म्हणजे शुक्रवार गेला.

मी सहाही साचे पुसले आणि बॅगेत परत ठेवले. ठोकळ्यांच्या ओळीवर आडवी रेघ मारली. मग भिकूला विचारलं, मूठ उरली आहे का. त्याने खिशातून रुमाल काढला.

या भट्टीला खाली वाळूचा थर असतो, त्यावर विटा, आणि विटांवर लादी. वाळूत घातलेला चुना माझ्या सिमेंटपर्यंत पोचायचं कारण नाही. मी भिकूला मधल्या चार विटा उचलायला सांगितल्या. तो रुमाल माझ्यापुढे धरून म्हणाला, “तुम्ही घाला. हात एकच आहे तुमचा नि मिस्त्रींचा.” मी गुडघ्यावर आत शिरले, वाळूत खड्डा केला आणि तो भुगा ओतला. तो मऊ होता, रांगोळीसारखा. वर वाळू सारखी केली, विटा बसवल्या. बाहेर आले तेव्हा अन्वरभाईंनी टोपी सारखी केली होती.

नवा टब आणला, नवं फावडं. चार गोण्या दुपारपर्यंत संपल्या. शेवटचा हात भिकूने दादाच्या थापीने फिरवला.

बुधवार, गिरगाव

लादी ओल्या गोणपाटाखाली एक दिवस ठेवायची होती. करण्यासारखं काही नव्हतं आणि मला तसा दिवस सोसत नाही, म्हणून वहिनीबरोबर गिरगावात गेले. रविवारच्या फोनांवरून मी दादाच्या भट्ट्यांची एक यादी केली होती, त्याला न सांगता. भायखळा सोडून चौदा नावं होती. टॅक्सीत वहिनी एकेक नाव ऐकत गेली. तिथे आता बँक. ते कुटुंब विरारला गेलं. ती जागा पाडली. तो परळचा चणेवाला आहे अजून. शेवटी दोनच उरली, परळचा चणेवाला आणि गिरगावातली एक खानावळ.

खानावळ तीन जिन्यांमधल्या एका अरुंद बोळात आहे. जेवणात वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, ताक. आमच्याकडे वाढणारा आग्रह करतो, इथला वाढपी ताटाकडे बघतही नाही, पण वाटी रिकामी झाली की त्याला कसं कोण जाणे कळतं. जेवल्यावर मालकांनी आत नेलं. तीन तोंडांची चूल, काळीभोर, एकही भेग नाही. वहिनीने पदराने कड पुसली आणि बोटाच्या पेराने ठोकलं.

“लग्नानंतरचं त्यांचं पहिलं काम,” ती म्हणाली. “हळद उतरली नव्हती तेव्हा मला इथे आणलंनी. लोक नव्या बायकोला चौपाटी दाखवतात. ह्यांनी चूल दाखवली.”

मी विचारलं, बोलते का.

“बोलता तर. त्यांच्यापेक्षा जास्त.”

तिथून चौपाटी पाच मिनिटांवर होती. आम्ही गेलो नाही. दोघींनाही पाय दुखल्याचं कारण सापडलं. परतताना वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली की तुझा रविवारचा फोन येणार म्हणून ते साडेआठपासूनच चहा घेऊन फोनजवळ बसायचे, आणि नऊ वाजून गेले तर मला विचारायचे, तिथे चंद्रपुरात लाइट गेली असेल काय. मी कधी कधी साडेनऊला फोन करायची. आधी कपडे वाळत घालायची.

गुरुवार, भायखळा

नव्या लादीला पहिली आग अगदी हळू द्यायची. आत राहिलेलं पाणी वाफ होऊन सावकाश निघालं पाहिजे, नाहीतर तीच वाफ लादी फोडते. मी वेळ आणि तापमान यांचा तक्ता करून भिंतीला चिकटवला. सकाळी आठला मंद ज्योत लावली. दहाला लादीला घाम आला, अकराला भट्टीच्या तोंडातून वाफ निघायला लागली आणि ती संध्याकाळपर्यंत निघत होती.

अन्वरभाई दर पंधरा मिनिटांनी येऊन तक्ता वाचत. बेकरीवाल्याला भट्टी म्हणजे फडफडती आग. एकदा म्हणाले, इतक्या आगीत चहा पण उकळणार नाय. एकदा म्हणाले, जरा नॉब फिरवू का, एवढंसं. भिकू बर्नरच्या नॉबसमोर स्टूल घेऊन बसला तो बसलाच. सकाळपासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलला होता. मीही.

चारच्या सुमाराला आतून आवाज आला. काहीतरी तडकल्यासारखा, एकच. तिघंही उठलो. मी विजेरी घेऊन तोंडाशी वाकले. वाफेने चष्मा भरला, पुसला, परत भरला. तोंडाच्या कडेला, जिथे लादी सगळ्यात पातळ होती, केसासारखी एक रेघ दिसली, चार बोटं लांब. यापलीकडे काही नाही. मी तिथे मोजपट्टी धरली आणि एक तास दर दहा मिनिटांनी बघितलं. रेघ वाढली नाही. केसाएवढी रेघ चालते. तीन इंच जाडी असती तर तीही पडली नसती, हे मी वहीत लिहिलं, मोठ्याने बोलले नाही. भिकूने माझ्याकडे बघून विचारलं, माझ्यामुळे ना. मी म्हणाले, दोघांमुळे. तेव्हापासून आम्ही नीट बोलायला लागलो.

रात्रीच्या पाळ्या त्या दोघांनी वाटून घेतल्या. मी लालबागला जाऊन झोपले.

शुक्रवार, भायखळा

सकाळी पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच वास आला. अन्वरभाईंनी लांब दांड्याच्या फावड्याने पावाची पहिली लादी बाहेर ओढली. पाव खालून थोडे जास्त लाल, बाकी उत्तम. पहिला घाणा विकायचा नाही, गल्लीत वाटायचा, अशी त्यांच्याकडे रीत आहे. भाजीवाल्या, हमाल, समोरचा चाव्या बनवणारा, सगळ्यांना गेला. जिमवाला मोजपट्टी घेऊन आला होता, त्यालाही एक दिला. वहिनीने डब्यातून कोंबडीचा रस्सा आणला होता. आम्ही उभ्या उभ्या तो गरम पावाशी खाल्ला. अठराएक वर्षांची असताना मी याच गल्लीतून कॉलेजला जायची आणि कधी थांबायची नाही, कारण वेळापत्रकात बसत नसे.

दुपारी पाच घाणे झाल्यावर आग कमी केली. मी भिकूला थापी दिली आणि म्हणाले, वाजव. त्याने ती उलटी करून माझ्याच हातात दिली. मी हात भट्टीच्या तोंडातून आत घातला, धग कोपरापर्यंत आली, आणि लाकडी मुठीने मधोमध, जिथे खाली वाळूत ती मूठ आहे, एकदा ठोकलं.

मला आकडे कळतात, आवाज कळत नाही. मला फक्त एवढं कळलं की तो लगेच संपला नाही. भिकू डोळे मिटून उभा होता. मग म्हणाला, “बोलतेय.”

थापी वहिनीला परत द्यायची होती. तिने ती घेतली, पदराने पुसली आणि भिकूच्या पिशवीत ठेवली.

चंद्रपूर

ठोकळे नाहीत म्हटल्यावर कारखान्यात जी बोलणी बसायची ती बसली. मी अहवाल लिहिला: पाच घाणे, एक केसाएवढी रेघ, एक गोणी माझ्या नजरचुकीने वाया. आमच्या नोंदवहीत पाणी, वजन, ताकद, तडे असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यापुढे मी पट्टीने आणखी एक आखला आणि वर ‘आवाज’ असं लिहिलं. भायखळ्याच्या ओळीत काय लिहावं ते दोन दिवस ठरत नव्हतं.

पुढच्या रविवारी कपडे वाळत घालायला बाहेर पडत होते. नऊला पाच कमी होते. फोन वाजला आणि त्यावर दादाचं नाव आलं. नंबर वहिनीने चालू ठेवल्याचं मला माहीत होतं, तरी बादली हातातून खाली ठेवायला जरा वेळ लागला.

मागे बेकरीचा गलबला होता. वहिनी म्हणाली, थांब, भिकू काहीतरी करतोय, फोन भट्टीच्या तोंडाशी धरते. मी दार लावलं, पंखा बंद केला आणि फोन कानाला दाबून धरला.

टक.

“ऐकलंस?” वहिनीने विचारलं. “बोलली काय?”

“बोलली,” मी म्हणाले.